दत्तादाचा उजवा कान

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होतो. वहिनी फोनवर कधीच लांबण लावत नाहीत. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या, आणि मग शेजारच्या कुणीतरी फोन हातात घेऊन बाकीचं सांगितलं. आंघोळ करून दत्तादा बाहेरच्या खोलीत येऊन बसला होता. वहिनींनी चहाचा कप त्याच्या हाताला लावून ठेवला आणि त्या आत गेल्या. परत आल्या तर चहा तसाच, निवलेला... हलवून पाहिलं, तोवर सगळं आटोपलं होतं. साळवी स्टॉपच्या मागच्या अंगाला त्याचं घर, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. मी पोचलो तेव्हा अंगणात त्याच्या कचेरीतली माणसं जमली होती, पूर्णगडहून भाऊबंद यायचे होते, आणि कुणीतरी हलक्या आवाजात लाकडांची चौकशी करत होतं.

त्याला आता दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्याविषयी लिहाल का, असं मध्यंतरी विचारणं आलं आणि मी हो म्हणालो. रत्नागिरीत दत्तादाला ओळखणारी माणसं पुष्कळ आहेत. पण तो क्रिकेट खेळायचा, आणि संघाचा कप्तान म्हणून इंग्लंडला जाऊन आला होता, हे त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनाही तिथे काय झालं ते ठाऊक नाही. तो स्वतः त्याबद्दल फारसं बोलला नाही. लपवायचं असं त्यात काही नव्हतं, कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही.

दत्ताराम मूळचा पूर्णगडचा. वडील मालवाहू जहाजावर खलाशी, वर्षातले काही महिनेच घरी. चार वर्षांचा असताना गोवर झाला, ताप डोक्यात गेला आणि दोन्ही डोळे गेले. पुढे त्याला घाटावरच्या अंधशाळेत घातलं. तिथे तो ब्रेल शिकला, आणि डालड्याच्या डब्यात खडे भरून त्याचा चेंडू करून पोरं खेळायची, त्यात क्रिकेट शिकला. शाळा संपल्यावर रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागला आणि निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला. साहेबांना फोन करणाऱ्याला आधी दत्तादा भेटायचा. "काय ओ, सर्दी झालीय वाटतं," असं म्हणून मग तो लाइन जोडून द्यायचा. त्या एका वाक्यासाठी त्याला ओळखणारी माणसं अजूनही भेटतात.

माझी आणि त्याची गाठ पडली ती माझ्या वडिलांमुळे. मी दापोलीला शेतकी कॉलेजात शिकत होतो. डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला, फळ्यावरचं दिसेना, मग पुस्तकातलंही दिसेना, आणि शिक्षण अर्धवट सोडून मी घरी येऊन बसलो. मला आजही थोडं दिसतं. समोरचं माणूस हाताच्या अंतरावर आलं की ओळखू येतं, त्यापलीकडे नुसते धुरकट आकार. त्या दिवसांत मी कुणाशी बोलत नव्हतो. वडिलांचं कचेरीत काहीतरी काम होतं, तिथे त्यांनी दत्तादाजवळ माझा विषय काढला असावा. एका रविवारी सकाळी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला, हातात पांढरी काठी आणि खांद्याला पिशवी. म्हणाला, "चल रे, सड्यावर जाऊ."

सडा म्हणजे आमच्याकडचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळा सोडला तर तिथे गवताची काडी नसते. गावाबाहेरच्या सड्यावर एका बाजूला थोडी माती पसरून, वर काथ्याची चटई अंथरून खेळपट्टी केली होती. अंधांच्या क्रिकेटचा चेंडू कडक प्लॅस्टिकचा, आत लोखंडी छर्रे. गोलंदाज तो खालून, जमिनीलगत टाकतो. टाकण्याआधी "रेडी?" विचारतो, फलंदाज "यस" म्हणतो, आणि मग "प्ले" म्हणून चेंडू सुटतो. पुढचं सगळं कानावर. ज्यांना अजिबात दिसत नाही अशा खेळाडूंना धावण्यासाठी थोडी नजर असलेला रनर मिळतो. दत्तादाला रनर हवा होता. आदल्याची मुंबईला बदली झाली होती.

त्यानं मला पहिल्याच दिवशी नियम सांगितला. "माझ्या वतीनं तू पळायचं. पण पळायचं की नाय ते मी सांगणार." मला वाटलं, थोडंफार दिसतं ते मला, तर हे मी ठरवायला हवं. पण दोन-तीन रविवार गेले आणि कळलं की त्या सड्यावर चेंडू कुठे गेला, किती वेगानं गेला, क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागला की पायाला, हे त्याला माझ्या आधी कळतं. कातळावर तो चेंडू असा वाजायचा की जणू कुणी टोपलीभर सुपाऱ्या ओतल्यात. दत्तादा "पळ" म्हणाला की मी पळायचो. आम्ही अशी सात-आठ वर्षं खेळलो. जिल्ह्याच्या, मग राज्याच्या स्पर्धा खेळलो. मला नोकरी लागली, माझं लग्न झालं, आणि हे सगळं त्या रविवारनंतर झालं, एवढंच मी म्हणेन.

इंग्लंडमधल्या काही क्लबांनी महाराष्ट्राच्या अंध संघाला बोलावलं तेव्हा दत्तादा कप्तान होता. रत्नागिरीचे आम्ही दोघेच. व्यवस्थापक म्हणून पुण्याचे कुलकर्णी सर होते, निवृत्त शिक्षक, डोळस, अतिशय काळजी करणारे. तीन सामने व्हायचे होते. वहिनींनी आमच्या दोघांच्या सामानात मेतकूट आणि आमसुलं भरून दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की ह्यांच्या डोक्याला गार वारा लागू देऊ नका, कानटोपी घालायला लावा. मी ते नेहमीचं सांगणं समजलो.

आम्ही उतरलो ते एक लहान गाव होतं. जूनचा महिना, म्हणे उन्हाळा; पण हवेत आपल्या पौषातला गारवा आणि सकाळ सगळी ओली. मैदानावर पाय ठेवल्याबरोबर दत्तादा थांबला. बूट काढून अनवाणी चार पावलं चालला. मग खाली बसून खेळपट्टीवर तळहात फिरवला. "गादी घातलीय मेल्यांनी," म्हणाला. आम्ही हसलो. सामना सुरू झाल्यावर हसू गेलं. आमचे गोलंदाज सड्यावर आणि सिमेंटवर वाढलेले. त्यांचा चेंडू सरपटत, सटासट जायचा. इथे तो दोन टप्पे घेऊन दमल्यासारखा थांबायचा आणि त्यांचे फलंदाज निवांतपणे तो उचलून मारायचे. मारलेला चेंडू गवतात शिरला की आवाज बंद. आमचे क्षेत्ररक्षक हात पसरून उभे, आणि चेंडू त्यांच्या पायांमधून निघून जातोय हे त्यांना कळतच नव्हतं.

फलंदाजीत तर त्याहून वाईट. चेंडू येण्याआधीच सगळे बॅट फिरवत होते. दत्तादा सलामीला गेला. गोलंदाजाचं "प्ले" ऐकू आलं, पहिला टप्पा ऐकू आला, आणि मग काही नाही. त्याची बॅट जमिनीपासून वीतभर अंतरावर तशीच राहिली आणि मागे स्टम्पांच्या लोखंडी नळ्या खणखणल्या. मी त्याला हाताला धरून बाहेर आणलं. वाटेत त्यानं विचारलं, "तुला ऐकू आला?" मी म्हणालो, शेवटी शेवटी थोडा आला, छर्रे हलल्यासारखा.

त्या लोकांचा कप्तान रॉजर नावाचा होता, जन्मांध, वयानं दत्तादाएवढाच, सुतारकाम करायचा. सामना एकतर्फी झाल्याचं त्यालाच आमच्यापेक्षा जास्त वाटत होतं. चहाच्या वेळी तो आमच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, की आमच्याकडे एक प्लॅस्टिकची मॅट आहे, हिवाळ्यात आत खेळायला वापरतो, पुढचे सामने तुम्हाला हवे असतील तर तिच्यावर खेळू, आवाज चांगला येतो. कुलकर्णी सरांनी ते मराठीत सांगितलं तेव्हा आमच्या संघाच्या जिवात जीव आला. सोलापूरचा गोलंदाज शफीक तर लगेच हो म्हणायला उठला. पण ठरवायचं कप्तानानं. दत्तादा म्हणाला, "नको. ह्यांच्या गवतावरच खेळू." सरांनी समजावलं, पोरांनी समजावलं. तो ऐकेना. लांब येऊन परत चटईच अंथरायची तर घरीच खेळलो असतो, असं काहीतरी म्हणाला, आणि ते ऐकायला बरंही वाटलं. रॉजरनं त्याचा हात शोधून हातात घेतला. पोरं मात्र नाराज झाली.

राहायची व्यवस्था जवळच्या एका शाळेच्या वसतिगृहात होती. तिथवर पायी जायचं. माझ्या खांद्यावर हात ठेवून दत्तादा चालत होता, बाकीचे पुढे गेले होते. मी त्याला म्हणालो, मॅट घेतली असती तर काय बिघडलं असतं, निदान तुला तरी खेळता आलं असतं. पुढची पोरं लांब गेल्याचा त्यानं कानोसा घेतला. मग म्हणाला,

"मॅट घातली आणि तरी ऐकू नाय आला, तर?"

मला आधी कळलंच नाही. तेव्हा त्यानं सांगितलं. काही महिन्यांपासून डाव्या कानात शिट्टीसारखं वाजत होतं. कचेरीत तो फोन उजव्या कानाला घ्यायला लागला होता, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. घरी सांगितलं नव्हतं. सड्यावर चेंडू एवढा वाजतो की फरक कळला नाही. इथे गवतावर आला नाही ऐकू, तर ते गवतामुळे असं म्हणता येतंय, आणि जोवर तसं म्हणता येतंय तोवर बरं आहे. "बाकीच्यांना पण ऐकू येत नाय ना?" असं त्यानं मला दोनदा विचारलं. मी म्हणालो, येत नाही, पण तुझ्याहून थोडं अधिक येतं. मला खोटं बोलवलं नाही. आंधळ्या माणसाच्या कानाबद्दल खोटं बोलणं मला जमण्यासारखं नव्हतं.

दुसरा सामनाही गेला. त्यात पोरांनी थोडं डोकं लढवलं होतं. शफीकनं चेंडू जोरात आणि अधिक पुढे टाकून पाहिला, तर तो बरा सरकला. क्षेत्ररक्षक एकमेकांच्या जवळ उभे राहून टाळ्या वाजवत आपली जागा सांगायला लागले. पण धावा होईनात. दत्तादा पुन्हा पहिल्याच चेंडूवर बाद झाला. ह्या वेळी बाहेर येताना त्यानं काही विचारलं नाही. तिसऱ्या सामन्याआधी मधे दोन दिवस मोकळे होते, बाकीच्यांना गाव दाखवायला नेणार होते. दत्तादा म्हणाला, आम्ही येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे मैदानावर गेलो. रॉजर फाटक उघडायला आला होता, तो मंडपात एका बाकावर बसून राहिला. दत्तादा खेळपट्टीच्या मधोमध उभा राहिला आणि मला म्हणाला, "चेंडू घरंगळव. कधी उजवीकडून, कधी डावीकडून. कुठून ते सांगू नको. ऐकू आला की मी हात वर करतो." मी तसं केलं. उजवीकडून चेंडू पाच-सहा पावलांवर आला की हात वर व्हायचा. डावीकडून मी चेंडू सोडला, तो गवतावरून हळूहळू गेला, त्याच्या बुटाला लागून थांबला, तरी हात खालीच. मी पुन्हा डावीकडून सोडला. पुन्हा बुटाला लागला. मग त्यानं पायानं चेंडू चाचपला आणि तो गवतात खाली बसला.

मीही शेजारी बसलो. थंडीनं कानाला दडे बसले असतील, मळ असेल, घरी गेल्यावर डॉक्टरला दाखवू, असं काय काय मी बोललो. तो ऐकत होता. मग म्हणाला, "डोळे गेले तेव्हा मी लहान होतो रे. काय जातंय ते कळलं पण नाय. हे कळतंय."

गवत ओलं होतं, आमच्या विजारी भिजल्या. थोड्या वेळानं तो उठला, बॅट मागितली आणि खेळायला उभा राहिला. मी गोलंदाजाच्या बाजूला गेलो. उजव्या हाताचा फलंदाज उभा राहतो तेव्हा त्याचा डावा खांदा, म्हणजे डावा कान, गोलंदाजाकडे असतो. इतक्या वर्षांत ह्याचा आम्ही विचार करायचं कारण नव्हतं. दत्तादानं आता पाय फिरवले आणि छाती सरळ माझ्याकडे करून उभा राहिला, दारात आलेल्या पाहुण्याला सामोरं जावं तसा, आणि मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे काढला. असा उभा राहणारा फलंदाज मी कधी पाहिला नव्हता. पहिले कितीतरी चेंडू चुकले. बाकावरून रॉजर ओरडून काहीतरी म्हणाला. माझं इंग्रजी बेताचं. त्यानं पुन्हा सावकाश सांगितलं. बॅट फिरवू नका. टप्पा ऐकला की गुडघा टेका, बॅट जमिनीला लावा, आणि थांबा. चेंडू येतो, पण उशिरा येतो.

थांबणं दत्तादाच्या स्वभावात नव्हतं. सड्यावर थांबलात तर चेंडू निघून गेलेला असतो. पण त्या सकाळी तो शिकला. पहिला टप्पा गोलंदाजाच्या पायाजवळ पडतो, तिथे गवत झिजून माती उघडी पडली होती, त्यामुळे तो आवाज स्पष्ट यायचा. तो ऐकायचा, उजवा गुडघा टेकायचा, वाकून कान जवळजवळ बॅटच्या दांड्याला लावायचा, आणि अंगण सारवताना हात फिरतो तशी बॅट जमिनीवरून फिरवायचा. दुपारपर्यंत चारातला एक चेंडू लागायला लागला. मग दोनातला एक. रॉजर बाकावरून प्रत्येक फटक्याला नुसतं "हं" म्हणायचा.

संध्याकाळी संघ परत आल्यावर दत्तादानं सगळ्यांना वसतिगृहाच्या जेवणघरात बसवलं. मला वाटलं नव्हतं तो सांगेल. त्यानं उभं राहून सरळ सांगितलं, की मॅट मी नको म्हणालो ते अभिमानानं नाही, माझा डावा कान गेलाय आणि ते उघडं पडेल म्हणून नको म्हणालो. तुमचे दोन सामने माझ्यामुळे गेले असं तुम्हाला वाटलं तर ते बरोबर आहे. आता मॅटचं तुम्ही ठरवा, आणि मी खेळायचं की नाही तेही ठरवा. माझ्या शेजारी बसलेल्या कुलकर्णी सरांनी चष्मा काढून पुसला तो पुसतच राहिले. शेवटी शफीक म्हणाला, की आता कुठे चेंडू सरकायला लागलाय, मॅट टाकली तर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. गवतच राहू दे. आणि दत्तादानं खेळावं, पण सलामीला नको. एवढ्यावर बैठक संपली. त्यानं बोललेलं कुणी नंतर उकरून काढलं नाही, आणि ह्याबद्दल मला त्या पोरांचं अजून कौतुक वाटतं.

तिसऱ्या सामन्यात आम्ही त्यांना बऱ्यापैकी रोखलं. दत्तादा खाली, सातव्या क्रमांकावर आला. तो छाती पुढे करून उभा राहिल्यावर तिथल्या पंचांना वाटलं ह्याला दिशा कळलेली नाही, म्हणून ते त्याला खांद्याला धरून फिरवायला निघाले. मी धावत जाऊन सांगितलं, असू दे, ते असेच उभे राहतात. "रेडी?" गोलंदाजानं विचारलं. "यस," दत्तादा म्हणाला. टप्पा पडला. मग ते शांत गवत... गुडघा टेकून तो थांबला, इतका वेळ थांबला की मला वाटलं गेला चेंडू. आणि बॅटला लागल्याचा आवाज आला. "पळ," तो म्हणाला. चेंडू कुठे गेला ते ह्या वेळी त्याला ठाऊक नव्हतं, मलाही दिसत नव्हतं. पण तो पळ म्हणाला आणि मी पळालो.

सामना आम्ही हरलो, थोडक्यात. तिन्ही हरून आलो. दत्तादा शेवटपर्यंत नाबाद राहिला. इथल्या एका वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली, त्यात आम्ही जिंकल्याचं छापून आलं होतं. बायकोकडून वाचून घेऊन ती मी दत्तादाला सांगितली तेव्हा तो इतका हसला की खोकला लागला.

परतल्यावर त्यानं वहिनींना कानाचं सांगितलं तेव्हा मी तिथे होतो. त्यानंच मला थांबवून घेतलं होतं. वहिनी कुळीथ निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "मला माहीत आहे. डावीकडून हाक मारली की तुम्ही उजवीकडे बघता. तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते." मग मला ती कानटोपी आठवली. त्याच आठवड्यात त्या त्याला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, नंतर कोल्हापूरलाही नेलं. कानाची नस गेली होती, परत येण्यासारखी नव्हती. त्यानं कचेरीत साहेबांना स्वतः सांगितलं. नोकरीचं काय होईल ही धास्ती होती, पण साहेब समजूतदार निघाले. हेडफोनची तार लांब करून उजव्या बाजूला घेतली आणि काम चालू राहिलं. पुढे कचेरीतलं एक्स्चेंजच गेलं, सगळ्यांच्या हातात मोबाइल आले, आणि दत्तादाला चौकशीच्या खिडकीत बसवलं. तिथेही तो छाती सरळ पुढे करून, मान वळवून बसायचा. नवीन माणसाला वाटायचं, हा कर्मचारी आपल्याकडे लक्ष देत नाही.

काही वर्षांनी रॉजर त्याच्या बहिणीबरोबर गोवा बघायला आला होता, तो वाट वाकडी करून दोन दिवस रत्नागिरीला दत्तादाकडे राहिला. वहिनींच्या हातची सोलकढी त्यानं एवढी प्यायली की बहीण घाबरली. त्याला आम्ही सड्यावर नेलं. त्यानंही बूट काढले, आणि तापलेल्या कातळावर पाय भाजल्याबरोबर घाईनं परत घातले. शफीक तिकडे सोलापूरला, म्हणून मीच गोलंदाजी केली. चेंडूचा तो खडखडाट ऐकून रॉजर गुडघा टेकायच्या बेतात असायचा आणि तेवढ्यात मागच्या नळ्या वाजायच्या. एकही चेंडू त्याला लागला नाही. दत्तादा कडेला उभा राहून आपल्या मोडक्या इंग्रजीत सांगत होता, नो वेटिंग, नो वेटिंग. दोघेही घामाघूम होईपर्यंत हे चाललं होतं. दोघांना एकमेकांचे चेहरे ठाऊक नव्हते, आणि जाताना स्टेशनवर रॉजरनं विचारून, परवानगी घेऊन, दत्तादाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. कानांपाशी त्याचा हात थोडा थांबला.

निवृत्तीनंतर उजवा कानही उतरायला लागला. यंत्र लावलं, त्याचा काही दिवस उपयोग झाला. मग मोठ्यानं, अगदी कानाजवळ जाऊन बोलावं लागे. एकदा मला म्हणाला, मी आता कायमचा गवतावर खेळतोय. तक्रार म्हणून नाही, माहिती द्यावी तसा. रेडिओ बंद झाला, फोन बंद झाला, येणारी माणसंही हळूहळू कमी झाली, कारण ओरडून बोलायला लोकांना संकोच वाटतो. वहिनी मात्र त्याच्याशी पूर्वीइतकंच बोलायच्या, तळहातावर बोटानं अक्षरं काढून. भांडणसुद्धा तसंच करायच्या. मी एकदा ते पाहिलं आहे.

आमची शेवटची भेट झाली ती तो जाण्याच्या आधीच्या रविवारी. आपला संघ परदेशात खेळत होता आणि हिरव्या खेळपट्टीवर पहिला सामना वाईट हरला होता. मी उजव्या कानाशी तोंड नेऊन धावसंख्या सांगितली, आणि टीव्हीवर लोक फलंदाजांना काय काय बोलतायत तेही सांगितलं. तो म्हणाला, "पहिल्या सामन्याला कोणी बोलू नये. पायाला जमीन कळायला वेळ लागतो." दुसऱ्या सामन्याचं सांगायला ये म्हणाला. दुसरा सामना आपण जिंकलो, पण तोवर तो नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर माणसं पांगली. मध्यंतरी मी वहिनींकडे गेलो, संध्याकाळची वेळ, हातात थोडे आंबे होते. त्यांनी जाळीचं दार उघडलं, आंबे घेतले, आणि आत वळता वळता बाहेरच्या खोलीतल्या लाकडी खाटेच्या कठड्यावर बोटांनी दोनदा टकटक केलं. दत्तादा दिवसभर त्या खाटेवर, कठड्याला हात लावून बसलेला असे. कुणी घरात आलं की वहिनी असं करत. ते त्याला लाकडातून हाताला कळायचं आणि तो सदरा नीट करून बसायचा. गेली दोन वर्षं असंच चाललं होतं. खाटेवरची गादी आता काढून ठेवली होती, नुसती फळी होती.

वहिनी थांबल्या. माझं लक्ष गेलंय हे त्यांना कळलं. मला वाटलं आता त्यांना रडू येईल, आणि मी काय बोलावं याचा विचार करायला लागलो. पण त्या रडल्या नाहीत. कठड्यावर हात तसाच ठेवून म्हणाल्या, "मुलगी म्हणते, आई हे सोड आता. मी म्हटलं, कोणी आलं तर मी सांगणार." मग त्यांनी मला बसायला सांगितलं आणि चहा ठेवायला त्या आत गेल्या.